आत्याची विळी आणि दिल्ली

परवा रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या बाजारात विळ्यांना धार लावल्याचा करकर आवाज ऐकला आणि आत्याला घेऊन दिल्लीला गेलो होतो ते आठवलं. तिची लेक लग्न होऊन तिकडे गेलेली. ती सुरीने भाजी चिरते हे कळल्यावर आत्याने रोह्याहून नवी विळी जुन्या लुगड्यात गुंडाळून सोबत घेतली. मेट्रोच्या तपासणीत पिशवी अडली. "ये कौन सा हथियार है?" पोलीस बाईंनी विचारलं. मी घाईघाईने लुगडं सोडून दाखवायला लागलो. आत्या मात्र तिथेच फरशीवर विळी मांडून, पाटावर पाय दाबून बसली. "हथियार नाय गो, भाजी चिरायला हाय," म्हणत तिने पिशवीतली काकडी चिरली आणि एक फोड बाईंपुढे धरली. बाईंनी ती हसत खाल्ली, पण विळीला काही आत सोडलं नाही. शेवटी रिक्षा केली. वाटेत इंडिया गेट आलं, पुढे लाल किल्ल्याची न संपणारी भिंत. आत्या मान बाहेर काढून बघतच होती. "जमिनीखालनं गेलो असतो तर यातलं काय दिसलं असतं रे?" तिने मला विचारलं. त्यानंतर मी कामासाठी तीन-चारदा दिल्लीला गेलो, दर वेळी मेट्रोनेच फिरलो. दिल्ली पाहिली ती मात्र तेवढीच.