बू वुर्यानींची वाचा गेली तेव्हा

जावा बेटावरच्या सेमारांग शहरात, आमच्या चढाच्या गल्लीत मी एकोणीस वर्षं भाजी-मासळीचा गाडा ढकलतेय. सकाळी गाड्याला प्लास्टिकच्या पिशव्यांचा घोस लटकलेला असतो, दुपारपर्यंत एकही उरत नाही. पिशवी न घेणारं गिऱ्हाईक एकच, बू वुर्यानी. बू ही आमच्याकडे बायकांना मानानं मारायची हाक. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. वेताची टोपली आणि तीन-चार डबे घेऊन यायच्या.

"जुमिला, सोयाबीनचं तेम्पे केळीच्या पानातलंच दे हं."

"पानाचे वेगळे पैसे पडतील, बू!"

"घे की. पान बकरी तरी खाते. तुझी पिशवी कोण खाणार?"

"समुद्रातले मासे," मी म्हणायची.

"आणि ते मासे तू मलाच विकणार!"

बायका हसायच्या. पण हसता हसता त्यांच्यातल्या तिघी-चौघी घरून भांडी आणायला लागल्या होत्या.

ईद झाली आणि पंधरा दिवसांत बूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगी रेत्नो कपड्यांच्या कारखान्यात कामाला. ती आपलं बिऱ्हाड मोडून आईकडे राहायला आली.

आठवड्याने मी भेटायला गेले. खाटेशेजारी डायपरचे गठ्ठे, लापशीच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, पाण्याचे सीलबंद प्लास्टिकचे पेले. रेत्नोनं कात्रीनं एक पुडी कापली. बूंनी डावा हात उचलून पुडीकडे बोट केलं आणि घशातून आवाज काढला.

"बघा, भूक लागली की अशीच दाखवते," रेत्नो कौतुकानं म्हणाली.

मला कळलं होतं, त्यांना ती पुडी नको होती. बूंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर मी हळूच म्हटलं, "अगं, तुझ्या आईला ह्या पुड्याबिड्या चालत नाहीत. माहितेय ना तुला?"

"माहीत नसायला काय झालं! लहानपणी तेच डबे मी घासलेत." तिचा आवाज चढला. "बू जुमिला, मी पहाटे पाचला उठते, सातला कारखाना. मध्ये शेजारीण बघते. डबे कोण घासणार? ताजं कोण शिजवणार? तुम्ही?"

"मी आणते ना," मी म्हटलं.

नऊ दिवस आणलं. त्यांच्याच डब्यात टोफू, मऊ शिजवलेली भाजी. दहाव्या दिवशी बूंना जुलाब लागले. कशानं, ते कुणालाच कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, उघड्यावरचं काही नको, सीलबंद तेवढंच द्या. रेत्नोनं ते डबे धुऊन, फडक्यात बांधून फळीवर ठेवले.

गाड्यावर भांडी आणणाऱ्या बायकाही एकेक करत थांबल्या. चिडवणारंही कुणी नव्हतं आणि विचारणारंही. मीही मुकाट्यानं पिशवीला गाठ मारून देते. पोट आहे मला.

परवा रविवारी पुन्हा गेले. मागच्या परसात शेजारी कचरा जाळत होते, रेत्नोनं दिलेलं डायपर-पुड्यांचं पोतंही त्यातच. काळा, उग्र धूर थेट खाटेवर येत होता. बू खोकत होत्या, डाव्या हातानं खिडकीच्या झडपेपर्यंत पोचायची धडपड चालली होती. हात पुरत नव्हता.

मी उठून खिडकी लावली. त्यांचा हात धरून बसले.