चौदाव्या अंकातला रिकामा फुगा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही. ज्या मित्राची ती आहे, त्याला तर नाहीच. चौतीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. स्वतःच्या एका चुकीबद्दल चार ओळी लिहायला बसतो आणि दर वेळी पहिल्या ओळीशीच अडतो. आजही तीन कागद फाडून झाले आहेत.

आधी सोपं ते सांगतो. मी जुनी कॉमिक्स जमवतो. आमच्या लहानपणी बसस्टँडजवळच्या दुकानांत दोरीला टांगलेली असायची, भाड्याने मिळायची, ती. त्यातही माझा जीव एकाच मालिकेत — ‘लोहपंख’. पाठीला लोखंडी पंख, तोंडावर निळा मुखवटा, आणि बोलणं सगळं हिंदीत. कागद इतका हलका की मागच्या पानावरचा ठोसा पुढच्या पानावर दिसायचा. तरी त्या पंखांचा लाल रंग मला अजून दुसऱ्या कुठल्या छापील कागदावर सापडलेला नाही. अडुसष्टाव्या वर्षी एखाद्या माणसाने हे बोलावं का? बोलतो. घरात कपाट आहे, प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आणि ते कपाट उघडताना मी हात धुतो.

या मालिकेचा चौदावा अंक आम्हा जमवणाऱ्यांमध्ये फार मोलाचा. कारण एक छपाईची चूक. अकराव्या पानावर लोहपंख गच्चीवरून पडणाऱ्या मुलीला हवेत झेलतो. मुलीचं तोंड उघडं आहे, तोंडापासून निघालेला बोलण्याचा फुगा आहे — आणि फुग्यात काहीच नाही. मजकूर छापायचाच राहिला. पुढच्या खेपेला ती चूक दुरुस्त झाली. म्हणून रिकाम्या फुग्याची प्रत दुर्मीळ. आणि त्यातही फुगा खरोखर कोरा असलेली आणखी दुर्मीळ, कारण भाड्याने नेणारी पोरं त्यात हटकून काहीतरी लिहून ठेवत.

बारा वर्षांपूर्वी सदर भागातल्या एका रद्दीवाल्याकडे मला तो अंक मिळाला. मुखपृष्ठ शाबूत. पिना गंजलेल्या, पण जागेवर. शेवटच्या पानाच्या आत भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानाचा जांभळा शिक्का — भिवापूर. आणि अकराव्या पानावर, फुग्यात, पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ.

मी ती ओळ वाचली. हे मला ठामपणे सांगता येतं, कारण न वाचता खोडायची मला सवयच नव्हती. वाचून मी हसलो, हेही आठवतं. सगळं पुस्तक हिंदीत, आणि ही मुलगी हवेत लटकून आपल्या बोलीत बोलत होती. ओळीचा पहिला शब्द होता ‘मले’. त्या एका शब्दाबद्दल माझी खात्री आहे. उभी नोकरी मी ‘मले’ खोडून वर ‘मला’ लिहीत आलो होतो. भिवापूर-उमरेडकडच्या वार्ताहरांच्या बातम्यांत, वाचकांच्या पत्रांत, एकदा तर एका बाईच्या जबाबातसुद्धा. तो शब्द दिसला की माझा हात आपोआप चालायचा.

तसाच चालला. मऊ खोडरबराने, एका दिशेने, अलगद. मग ब्रशने कण झाडले. मग ते पान दोन टीपकागदांमध्ये ठेवून त्यावर कोमट इस्त्री फिरवली, म्हणजे पेन्सिलीच्या दाबाने पडलेले चरे बसतात. बायको दारात उभी होती. म्हणाली, “चार दिवसांपासून शर्ट पडून आहेत, अन् हे कागदाले इस्त्री करून राहिले!” मी हसलो. फुगा कोरा झाला होता. विदर्भात इतकी स्वच्छ प्रत दुसऱ्या कुणाकडे नाही, असं मी त्या आठवड्यात निदान पाच जणांना फोनवर सांगितलं.

त्यातल्या कुणाकडून तरी गजाननला कळलं.

गजानन टपाल खात्यातून निवृत्त झालेला, मूळ भिवापूरचा. आता मुलाकडे बेसा भागात राहतो. तोही जमवणारा, पण वेगळ्या तऱ्हेचा — त्याला फक्त चौदावा अंक हवा असायचा. दोन महिन्यांनी तो पहिल्यांदा माझ्या घरी आला आणि चहा व्हायच्या आतच त्याने कारण सांगितलं.

त्याची मोठी बहीण, शालू. बसस्टँडजवळच्या दुकानातून कॉमिक्स आणणारी गावातली ती एकटी मुलगी. या अंकातला कोरा फुगा बघून तिने त्यात काहीतरी लिहिलं. दुकानदार तिच्यावर ओरडला, तिने दुप्पट भाडं भरलं, आणि अंक दोरीला परत गेला. गजानन तेव्हा सात वर्षांचा. काय लिहिलं म्हणून मागे लागला, तर म्हणाली, “तुले नाही सांगत जा. मोठा झाला की वाच.” पुढच्या पावसाळ्यात ती काविळीने गेली. फोटो एकच होता, शाळेचा, तो ओल लागून गेला. वह्या रद्दीत गेल्या. ती घराबाहेर कधी राहिलीच नाही, त्यामुळे तिची पत्रं नाहीत.

“तिचं अक्षर म्हून जगात तेवढंच आहे गा,” गजानन म्हणाला. “अन् ते मी अजून वाचलं नाही. मोठा तर कधीचाच झालो.” आणि स्वतःच हसला.

मग त्याने विचारलं, “तुह्यावालीत काही लिहून होतं काय?”

मी म्हणालो, “कोरा आहे.”

त्याने ‘होतं’ विचारलं होतं. मी ‘आहे’ म्हणालो. हा काळ मी चुकून बदलला नाही. माझ्या धंद्यात माणसं वाक्याचा काळ का बदलतात, हे मला चांगलं माहीत आहे. नेते बदलायचे तेव्हा मी फोनवरच पकडायचो.

अंक मी त्याला दाखवला — अकरावं पान उघडं ठेवून, पिशवीतूनच. आमच्यात एक रीत आहे, दुसऱ्याची प्रत पिशवीतून काढायची नाही. हात लागला की कोपरे झिजतात. गजाननने ती पाळली. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो वाकला आणि त्या कोऱ्या फुग्याकडे बराच वेळ बघत राहिला. भिवापूरचा शिक्का त्याच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर होता, फक्त पानांच्या पलीकडच्या बाजूला. तो अंक पिशवीतून काढून पानं उलटणार नाही, हे मला माहीत होतं. मी त्या रीतीचा आडोसा घेतला. याला दुसरं काय म्हणायचं?

तेव्हाच का सांगितलं नाही? मी हा प्रश्न स्वतःला मुलाखतीसारखा विचारून पाहिला आहे. उत्तर दर वेळी एकच येतं आणि ते लहान आहे. त्या खोलीत मी अचूक माणूस होतो. मला तसंच राहायचं होतं.

मग आमची मैत्री झाली. हे लिहायला सगळ्यात जड जातं. बारा वर्षं मी त्याच्याबरोबर तो अंक शोधत फिरलो. त्याच्या स्कूटरवर मागे बसून उमरेडला गेलो, भिवापूरला तीनदा गेलो. मिरचीच्या गोदामात ठेवलेली जुनी पुस्तकं उपसली, दिवसभर शिंकलो. गजानन म्हणायचा, “पेपरवाला संग असला की बरं असते, कोनी खोटं बोलत नाही.” त्याला अंक मिळत गेले, एकूण सहा. दोन पुढच्या खेपेचे, चार पहिल्या खेपेचे. त्यांतल्या एकात कुणीतरी शिवी लिहिलेली होती. त्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी खरोखर हसलो. असं हसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्याचे डोळे गेले. काचबिंदू, आता डाव्या डोळ्याने उजेड-अंधार तेवढा कळतो. मागच्या महिन्यात त्याने त्या अंकाची सातवी प्रत आणली, यवतमाळहून कुणाकडून तरी मागवलेली. अकरावं पान बोटांनी मोजून उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

“पाह्य बरं गा. मले तर दिसत नाही. तुह्या डोळ्यावर भरोसा आहे.”

फुगा कोरा होता. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे. आठवी प्रत पाहू.” आणि अंक चाचपडत पिशवीत घातला, कोपरे सांभाळून.

तो गेल्यावर मी माझी प्रत काढली. खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. भिंगाखाली पाहिली. मोबाइलचा उजेड कागदाच्या पातळीत लावला. पेन्सिलीचा बुकणा कापसाने अलगद फिरवला, कुठे चरा असेल तर उमटेल म्हणून. काही नाही. इस्त्री चांगली झाली होती. एका ठिकाणी, फुग्याच्या खालच्या कडेला, एका वेलांटीचं टोक असावं असं वाटतं. पण ते कागदाचा तंतूही असू शकतं. मी रोज पाहतो. रोज ते वेगळं दिसतं.

त्याहून वाईट अजून सांगायचं आहे. मी कोऱ्या कागदांवर ‘मले’ने सुरू होणारी वाक्यं लिहून पाहिली. मले सोड, मी उडते. मले खाली कायले आणलं? मले घरी नको नेऊ. चौदा कागद भरले. एखाद्या वाक्यावर आपण पुन्हा तसेच हसू आणि ओळखू, अशी आशा होती. हसू आलं नाही. मग मनात आलं, यातलं एखादं त्याला वाचून दाखवलं तर? त्याला दिसत नाही. तो खूश होईल. ते वाक्य तो मरेपर्यंत जपेल. मी एक निवडलंही होतं. त्याच्या घरचा नंबर लावला, घंटी वाजली, त्याने “बोल गा” म्हटलं — आणि मी हवापाण्याचं बोललो.

शालू काय म्हणाली, हे वाचलेला जगात मी एकटा माणूस आहे. आणि मला ते आठवत नाही.

रविवारच्या पुरवणीत मी जे लिहितो, ते गजाननची सून रश्मी त्याला मोठ्याने वाचून दाखवते. सकाळी, दुसऱ्या चहाच्या वेळी. हेही वाचेल. म्हणजे जे मी त्याच्यासमोर बसून बोलायला हवं होतं, ते तो त्या पोरीच्या तोंडून ऐकेल. हा माझा दुसरा भित्रेपणा, आणि तो मी समजून-उमजून करतो आहे.

गजानन, ती प्रत माझ्याकडे होती. शेवटच्या पानावर तुमच्या भिवापूरच्या दुकानाचा शिक्का आहे. अक्षर बारीक होतं, जरा उजवीकडे कललेलं. ओळ ‘मले’ने सुरू होत होती. ती गमतीची होती. मी ती वाचली, हसलो, आणि खोडली.

अंक पिशवीतून बाहेर काढून ठेवला आहे.