बावीस वर्षांची जाड पोळी

आमच्या स्टाफरूममध्ये पोर्शनपेक्षा खाण्याच्याच गोष्टी जास्त होतात. एकीनं डबा उघडला की दुसरीला काहीतरी आठवतं, तिचं ऐकून तिसरीला राहवत नाही, आणि मधली सुट्टी संपते. सध्या मात्र फिरून फिरून एकच विषय निघतो. फिलो!

सुरुवात केली खोब्रागडे मॅडमनी. त्या विज्ञान शिकवतात, त्यामुळे मोबाईलवर दिसलं की करून बघायलाच हवं, असा त्यांचा खाक्या. कागदासारख्या पातळ मैद्याच्या पाऱ्या, आत पालक-पनीर, घड्या घालायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायच्या. रविवारी आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर तीन तास लाटून राहिलो होतो. त्यांच्या मिस्टरांनी एक तुकडा चावून बघितला आणि चहात बुडवून ठेवला. दुसरा चहा झाला तरी तो भिजला नव्हता!

मग मी म्हटलं, तयार पाऱ्याच आणू. चंद्रपूरच्या भावाला गोठवलेलं पाकीट एसटीत ठेवायला सांगितलं. एप्रिल महिना, त्यात गाडी वाटेत पंक्चर. आमच्या पोंभुर्ण्याच्या स्टँडवर कंडक्टरनं तो मऊ गोळा माझ्या हातात दिला. "मॅडम, कणीक बी चंद्रपूरवरून मागवता काय?"

तो गोळा मी शाळेत नेला, म्हटलं सगळ्यांना हसू तरी येईल. आमच्याकडे मुलांची खिचडी शिजवतात त्या मीराबाई. त्यांनी मॅडमचा व्हिडिओ एकदाच बघितला आणि म्हणाल्या, "हे तर आमची लांब पोळीच होय."

लांब पोळी म्हणजे सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. मीराबाईंच्या सासूबाई त्यासाठी चार तालुक्यांत नावाजलेल्या. कुठलंही लग्न असो, बोलावणं त्यांनाच. आता वयामुळे जात नाहीत. मग तुम्ही का नाही जात, असं मी सहज विचारलं.

"बुढी पास करत नाई," मीराबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं झाले, रोज म्हणते जाड हाय. तिनं म्हटल्याबिगर मी कोणाच्या मांडवात मडकं नाई ठेवत."

आणि खिचडी हलवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

पाऊस लागला, रानात तरोट्याची कोवळी भाजी आली. मीराबाई खोब्रागडे मॅडमच्या घरी आल्या, मैदा भिजवला, आपटला, आणि लाटणं बाजूला सारून हातावरच पारी वाढवली. मॅडमनी मागे पेपर धरला, तर मला पारीतून माझं राशिभविष्य वाचता आलं. संयम ठेवा, असं लिहिलं होतं. तरोटा आणि पनीर भरलेल्या घड्या ओव्हनमधून निघाल्या तेव्हा डाएटवाल्या मुख्याध्यापिका बाईंनी पाच खाल्ल्या, तेही उभ्यानंच. काय हात आहे मीराबाईंचा!

मीराबाईंनी चार घड्या सासूबाईंसाठी बांधून नेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या शाळेच्या दारातच उभ्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, भाजी बरी झाली. पोळीबद्दल चकार शब्द नाही.

खोब्रागडे मॅडम चिडल्या. म्हणाल्या, घडीत दडलेली पारी म्हातारीला दिसणार कशी? कच्चीच दाखवायची. रविवारी आम्ही सगळ्याच मीराबाईंच्या अंगणात जाऊन बसलो. सासूबाई बाजेवर गोधडी शिवत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोराही त्याच ओवतात.

मीराबाईंनी गोळा हातावर घेतला. पारी मनगटावरून कोपरापर्यंत गेली, आणखी वाढली. मग त्यांनी दोन्ही हात वर उचलले. पारी त्यांच्या तोंडासमोर आली.

सासूबाई उठल्या, अगदी जवळ आल्या. पारीला हात लावला नाही. नुसतं रोखून बघितलं. मग परत जाऊन बाजेवर बसल्या आणि सुई उचलली. मीराबाईंचं तोंड अजून पारीआडच होतं.

"मीरा," त्या म्हणाल्या, "टिकली सरकली तुयी."