अक्षरामागची सावली

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी आणि माझी बायको गया, दोघं टेकाळे सरांच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. ती बटण पिळत होती आणि मी तिची बोलणी खात होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. ते शेवटचं आहे हे ठाऊक असतं तर जरा कमी भांडलो असतो, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू? भांडलोच असतो.

मी मानवतजवळच्या एका शाळेत शिपाई होतो. विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. विज्ञानाच्या टेकाळे सरांनी परभणीला दोन वर्षं खेटे घालून शाळेसाठी एक कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर म्हणजे नुसती बटणांची काळी पाटी. तिला स्वतःचा पडदा नव्हता. शाळेचा लाकडी पेटीतला काळा-पांढरा टीव्ही होता, त्याला वायर जोडायची आणि पाटीवर दाबलेलं अक्षर टीव्हीत उमटायचं. उमटायचं म्हणजे काय, पावसाळी वारुळातून मुंग्या निघाव्यात तसं दिसायचं.

त्या पहिल्या आठवड्यात एकदा मी डबा विसरलो, म्हणून गया भाकरी घेऊन शाळेत आली. खोलीत चार मास्तर टीव्हीला चिकटलेले. सर घामाघूम. बाकीचे म्हणत होते, "दिसतंय की सर, वाचता येतंय, आता पुरे." गया दारातूनच बोलली, "सर, प्रत्येक अक्षराच्या मागं आणखी एक अक्षर उभं हाय. सावलीवाणी."

मास्तर हसले. मला लाज वाटली. मी म्हणालो, "अगं, तुला वाचता येतं का? गप घरी जा."

"वाचता येत न्हाई म्हणूनच दिसायलंय," ती म्हणाली. "तुमी वाचायलाव. एकदा वाचून झालं की तुमचा डोळा थांबतो. मी नुस्ती बघायले."

सरांनी मात्र तिला आत बोलावलं. चॅनेलच्या गोल बटणाभोवती एक बारीक कडी होती. गयानं पदराला हात पुसला आणि ती कडी दोन बोटांत धरून फिरवली. फिरवली म्हणजे केसभर. बांगडीसुद्धा वाजली नाही. मागची सावली पुढच्या अक्षरात शिरली आणि अक्षर उठून उभं राहिलं. गया म्हणाली, "आता जेवा, भाकर गार व्हायलीय," आणि निघून गेली.

हा डोळा तिला काही शाळेनं दिला नव्हता. मानवतच्या बाजारात तिनं पोरवयापासून डागी कापूस वेगळा काढला होता. गाडीभर कापसातून पिवळं बोंड ती अशी उचलायची की ते स्वतःहून तिच्या हातात आलंय असं वाटावं. डाळ निवडताना गप्पा मारायची, ताटाकडे बघायचीसुद्धा नाही, आणि खडा बाजूला पडायचा.

मग सर तिला सारखे बोलवायला लागले. तिचे कायदे ठरलेले होते. टीव्ही लावला की लगेच हात लावायचा नाही. "तवा तापल्याबिगर भाकर टाकता का? तापू द्या त्याला." खिडकी बंद करायची. उजेडाचं बटण आधी पार खाली आणायचं. "उजेड लय झाला की अक्षर फुगतं. पिठात पाणी लय झाल्यावाणी." आणि पंखा बंद. पंख्याचा वारा पडद्याला लागतो आणि रेघा हलतात, असं तिचं म्हणणं. सर हसून म्हणाले, "गयाबाई, वारा काचेच्या आत कसा जाईल?" पंखा बंद केला, तर रेघा खरंच गेल्या. पंख्याचं बटण जुनं होतं, आत ठिणग्या उडत होत्या, असं सरांनी नंतर शोधून काढलं. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "ठिणगी असंना न्हाई तर वारा असंना. बंद केला न्हवं?"

एकदा सर कुरकुरत बसले, आज कितीही लावा, अक्षर पुसटच. गयानं पडद्याकडे बघितलं, मग सरांकडे. "सर, टीव्ही बरोबर हाय. तुमचा चष्मा बदला." सर परभणीला जाऊन आले, तर नंबर वाढलेला! तेव्हापासून शाळेत कुणी डोळे बारीक करून वाचायला लागलं की मास्तर म्हणायचे, "गयाबाईंना दाखवा."

सर तिला म्हणाले होते, या, मी तुम्हाला लिहा-वाचायला शिकवतो. ती म्हणाली, "शिकले तर तुमचा पडदा कोण लावील?"

मग औरंगाबादहून शिक्षण खात्याचा एक साहेब आला. त्या दिवशी गया माहेरी होती. साहेबानं पडदा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "पोरांचे डोळे जातील असल्या चित्रानं. पुढल्या महिन्यात पुन्हा येतो. तेव्हाही असंच असलं तर ही पाटी जिंतूरच्या शाळेला देऊन टाकू." सरांचं तोंड उतरलं. गया आल्यावर मी तिला सांगितलं, तर ती तडक सरांकडे गेली. "साहेब कवा येणार हाय तेवढं सांगा. त्या दिवशी मी लावून देते. माझा शब्द."

सोमवार ठरला. म्हणून शनिवारी आम्ही तालीम करायला बसलो होतो. सरांनी पाटीवरून काहीतरी उमटवलं आणि गया कडी फिरवायला लागली. वर्गातले फळे पुसून पुसून मला इंग्रजीची अक्षरं कळायला लागली होती, म्हणून मी मोठ्यानं वाचायला गेलो.

"वाचू नका हो! किती येळा सांगू?"

"अगं पण काय लिहिलंय ते..."

"काही का लिहिलं असंना! लावू द्या आधी."

लावून झालं. अक्षरं आरशासारखी. मग मी म्हणालो, "अडाणी बाई, ते तुझं नाव हाय. सरांनी तुझं नाव लिहिलंय."

ती मागं सरकली. पदर नीट केला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं आधी बोलला न्हाईत. बघतच बसले असते, लावलं नसतं." घरी येताना रस्त्यात विचारलं, "त्यातलं पहिलं अक्षर कोणतं होतं हो?" मी बोटानं हवेत काढून दाखवलं.

रविवारी सकाळी चहा ठेवायला उठली आणि चुलीपाशीच बसली. डॉक्टर येईपर्यंत गेली. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं.

साहेब आला, बघितलं, आणि पाटी आमच्याच शाळेत राहिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

सोमवारी सकाळी मी टोपी घातली आणि निघालो. माझी भावजय दारात आडवी आली. "अवं भावजी, सुतकात कुठं निघालाव? लोक काय म्हणतील?"

मी म्हणालो, "तिनं शब्द दिलाय. लोकांनी न्हाई."

शाळेत सर एकटेच खुर्चीवर बसले होते. मला बघून उठले. मी म्हणालो, "बसा सर." खिडकी बंद केली, पंखा बंद केला, टीव्ही लावला, आणि तो तापेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसलो. उजेड खाली आणला. सरांनी पाटीवरून शनिवारचंच उमटवलं. त्यांच्याही ध्यानात नसेल, हाताला सवय.

मी कडी धरली. पण नाव दिसलं की मी ते वाचायचो, आणि वाचलं की हात थांबायचा. सावली तशीच मागं उभी. तीन वेळा तेच झालं. आता न वाचणारा डोळा मी आणू कुठून?

मग टोपी काढून ठेवली आणि मान पार खांद्यावर टाकली, डोकं आडवं होईस्तोवर. नाव गेलं. नुसत्या रेघा उरल्या, वाकड्या, उभ्या, आणि त्यांच्या मागं सावल्या. कडी केसभर फिरवली. अजून केसभर. एकेक सावली आत शिरली.

सर म्हणाले, "लागलं."

"थांबा," मी म्हणालो. शेवटच्या अक्षराला अजून थोडी होती. तीही घालवली.

मग मान सरळ केली आणि वाचलं.