उन्हात वाळवलेला गवती चहा

सेंद्रिय चहाचं पाकीट फोडलं की तुळस-ज्येष्ठमधाच्या आधी मला गवती चहाचा वास येतो आणि दिल्लीच्या द्वारकेतली ती नवीकोरी गच्ची आठवते. आठवीत शाळा सुटलेली मी तिथे एका मराठी बाईंकडे चहाचा पाला निवडून मिसळायच्या कामाला होते. नवऱ्याचं काम बंद पडलं होतं, त्यामुळे हेही गेलं असतं तर सरळ गावी परतावं लागलं असतं. बाईंनी गवती चहा सावलीत वाळवायला सांगितला होता, पण आमच्याकडे कुरडयांपासून सगळं उन्हातच वाळतं, म्हणून लवकर होईल या हौसेने मी तो गच्चीवर पसरला. दुपारपर्यंत पाती पिवळी पडली, वास उडून गेला. बाईंनी मूठभर हुंगून पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, हा चहा की म्हशीची वैरण?” मी पदर खोचून पाती गोळा करायला लागले. तेवढ्यात आमचा चहा विकणाऱ्या दुकानदाराचा फोन आला. “भाईसाब, माल परसों मिलेगा, सुखाने में मुझसे गलती हो गई,” बाई त्याला म्हणाल्या, आणि फोन ठेवून मला, “उद्या नवी पाती येतील, ती पंख्याखाली पसर.” त्यांचे उपकार मी विसरलेले नाही; पण आता माझ्या हाताखाली दोघी आहेत, आणि त्यांच्याकडून काही बिघडलं की गिऱ्हाईकापुढे माझ्या तोंडून अजून माझं नाही, त्या दोघींचंच नाव निघतं.