गोठवलेले पेन्शन

हिने गोठलेल्या खोबरेलाची बाटली सकाळी गच्चीतल्या उन्हात ठेवली. कडेचे तेल हळूहळू सुटू लागले. माझ्या हाती विलायतेहून आलेले, माझ्या अकराव्या अर्जाचे नकारार्थी उत्तर होते. तिथे आयुष्यभर नोकरी करून, हप्ते भरून मी साताऱ्यास परतलो. म्हणून माझे पेन्शन गोठवलेले, तिथे राहणाऱ्यांचे मात्र दरवर्षी वाढते. हप्ते सारखे असता पत्त्यावरून भेद करणे कोणत्या न्यायात बसते? ऊन कोणाचा पत्ता विचारीत नाही.

“तिकडे परत राहायला गेलात तर वाढेल ना?” हिने विचारले. “मग बांधू का सामान?”

खालून भाजीवाली ओरडली, “काकू, मेथी आलीय, कवळी हाय!”

“सामान नको बांधूस,” मी समाधानाने म्हणालो. “भांडेन, पण इथूनच.”