केसरला दुसरीत बसवलं

विनेशसारखा भाऊ अख्ख्या दिवेआगरात शोधून मिळायचा न्हाय. शिक्षण आठवी नापास. पण वादळात बापाची होडी मोडली तसा पनवेलला आला, मासळी बाजारात बर्फ फोडून खोली केली आणि धाकट्या केसरला शिकायला घेऊन आला. गावात चौथीत पहिली आलेली पोर. ज्याला त्याला सांगायचा, माझी बहीण आता शहरात पाचवीला बसणार.

शाळेत गेला तोही छाती काढून. मोठ्या बाईंनी दाखला बाजूला सारला. म्हणाल्या, गावचे मास्तर काहीही लिहून देतात. विनेशला ते लागलं.

"काय बी विचारा. अडायची न्हाय."

"आज तारीख काय?"

"अष्टमी," केसर म्हणाली. "बाराला ओहोटी."

कोळ्याच्या घरात तारखेचं काय काम? पाणी तिथीवर चढतं, होडी तिथीवर सुटते. पोर चुकली न्हवती. विनेश सांगायला गेला, तर बाई शेजारच्या सुचिताबाईंकडे बघून हसल्या. "ही शिमग्याला जाणार, महिन्याने उगवणार. निकाल घसरला की बोलणी आपल्याला." सुचिताबाई मुरूडच्या, कोळ्याचीच लेक. त्या हजेरीपटात बघत बसल्या.

केसरला दुसरीत बसवलं. दहा वर्षांची पोर सात वर्षांच्यात. बाकात गुडघे मावेनात. पोरं आजी म्हणायची. विनेश तीनदा भांडला, तिसऱ्यांदा शिपायानं फाटकातच अडवला. दिवाळीपर्यंत ती वर्गात बोलेनाशी झाली, मग घरीपण.

शिमगा गावी झाला. पनवेलला परत निघायच्या सकाळी ती आईजवळ सुकट निवडायला बसली, ती उठेना. विनेशनं दम दिला, मग हात जोडले. थोरल्यानं धाकटीपुढं.

"दादा, मला काय येत न्हाय."

रडली असती तर समजावता आलं असतं. ती मासळीचा भाव सांगावा तसं बोलली.

गावच्या शाळेत तरी पाचवीला घालू म्हणून विनेश पनवेलला दाखला आणायला गेला. सुचिताबाईंनी हातात दिला. इयत्ता दुसरी, प्रगती असमाधानकारक.

"मला कळलं होतं हो त्या दिवशी," त्या हळूच म्हणाल्या.

"मग बोलला का न्हाय?"

"मला हितंच नोकरी करायचीय, दादा."

हा दाखला दाखवला तर गावच्या शाळेतही केसर दुसरीतच बसणार होती. स्टँडवर गावाला जायची एस.टी. लागली होती, ती सुटेपर्यंत विनेश दाखला घेऊन फलाटावर उभाच राहिला. चढला न्हाय.